तिसऱ्या कप्प्यातला वास

दोन दिवस झाले, चाळीत वास आहे.
कुठून, ते कळत नाही.
पहिल्या कप्प्यापाशी गेलं की वाटतं दुसऱ्यात,
दुसऱ्यापाशी गेलं की वारा फिरतो
आणि वास गोठ्याकडे निघून जातो.

एक कांदा नासला की शेजारच्याला सांगतो,
तो त्याच्या शेजारच्याला.
आमच्या गावातली बातमीसुद्धा
इतक्या गुपचूप फिरत नाही.

आधी असं झालं की नानांना हाक मारायची.
केदूनाना चाळीच्या कुडाला नाक लावून
या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचे,
मध्येच थांबायचे,
बांबूच्या फटीतून कोपरापर्यंत हात घालायचे
आणि नेमका तोच बाहेर काढायचे,
मानेत मऊ पडलेला, काजळी धरलेला.
उमराण्याचा एक व्यापारी म्हणायचा,
यांची ट्रॉली उपसून बघायला नको.

मग तो ताप आला, दहा दिवसांचा.
गेला तो नाक घेऊनच गेला.
चार वर्षं झाली.
नाना त्यावर बोलत नाहीत.
फक्त चुलीवर दूध करपतं
आणि ते शेजारीच बसून सुपारी कातरत असतात.
फोडणी जळाली तरी म्हणतात, झकास झालंय,
आणि मला ते ऐकवत नाही.

आज भाद्रपदाचं ऊन पत्र्यावर चढलंय.
हे पिकअप भरून उमराण्याला गेलेत,
लिलाव झाला की भाव कळवतील.
मी आणि सुरगाण्याची यमुना गावित
पोतं अंथरून निवडतोय:
गोल्टी इकडे, जोड तिकडे,
कोंब फुटलेले पाटीत.
यमुना मध्येच म्हणते, आज जास्तच येतोय ना?
मी म्हणते, हो. दोघी नानांकडे बघत नाही.

नानाच उठले.
गौरींच्या सुट्टीत घरी असलेल्या ईश्वरीला म्हणाले,
“चल गं. तू नाक, मी हात.”

निघाली जोडी.
पुढे फ्रॉक, मागे धोतर.
“इथं नाही. इथं नाही. इथं थोडा.
नाना, इथं!”
“कसा येतो?”
“बुटात पाणी जातं ना, तसा.”
“आंबूस का गोडूस?”
तिनं डोळे मिटले, पुन्हा हुंगलं.
“आधी गोड. मग घाण.”
“मग आतून गेलाय तो. वरून कळायचा नाही.”

हात गेला आत, तिसऱ्या कप्प्यात.
बोटं एकेकाला चाचपून सोडत होती,
जत्रेत हरवलेलं पोर शोधावं तशी.
एक निघाला. दुसरा निघाला.
तिसरा हातातच फुटला,
पाणी मनगटावरून कोपराला आलं.
ईश्वरी नाक धरून पळाली ती विहिरीपर्यंत.

नाना तिथंच उभे.
हात नाकापाशी नेला त्यांनी,
सवयीनं.
थोडा वेळ धरला.
मग धोतराला पुसला.

दुपारी बाभळीखाली भाकरी सोडली.
नानांनी कांदा दगडावर ठेवून बुक्की मारली,
पाकळ्या मोकळ्या केल्या,
आणि त्यांच्या डोळ्यांतून धार लागली.
यमुना बघत राहिली. मीही.
“लागला का?” मी विचारलं.
“तिखट आहे यंदाचा,” नाना म्हणाले,
डोळे न पुसता,
आणि अजून एक पाकळी उचलली.

तिकडे ईश्वरी पाटीतला कोंबाचा एक कांदा
रंगाच्या रिकाम्या डब्यात लावत होती.
दर थोड्या वेळानं स्वतःचा तळहात हुंगत होती,
तोंड वाकडं करत होती,
पुन्हा हुंगत होती.

पोत्यावर मोबाइल वाजला.
भाव आला असेल.
आधी भाकरी संपवू म्हटलं.